बाळोत्यांची धुलाई आणि मऊपणा : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील पाणी, कापड व गृहव्यवहार यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

गृहअर्थशास्त्राच्या वर्गात धुलाईकाम हा घटक शिकविताना रेशमी साडी कशी धुवावी, लोकरी स्वेटर कसा वाळवावा, सुती कापडाला खळ कशी द्यावी याचे सविस्तर विवेचन केले जाते. मात्र ज्या कापडाची धुलाई घरात सर्वाधिक वेळा होते, जे कापड शरीराच्या सर्वांत नाजूक भागाशी चोवीस तास संलग्न असते आणि जे धुण्याचे काम जवळजवळ पूर्णतः स्त्रियांच्या वाट्याला येते, त्या बाळोत्यांचा उल्लेख अध्यापनात क्वचितच होतो. प्रस्तुत लेखिकेनेही अनेक वर्षे हा घटक असाच शिकविला. स्वतःच्या मुलीच्या जन्मानंतर मात्र या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

प्रसूतीनंतरचे तीन महिने लेखिका माहेरी, वैनगंगेकाठच्या आरमोरी येथे होती. तेथे नळाच्या पाण्यात साध्या वडीच्या साबणाने धुतलेली बाळोती आईच्या हातची, मऊसूत असत. त्यानंतर नोकरीच्या निमित्ताने राजुरा परिसरात परतल्यावर तीच बाळोती, तोच साबण आणि धुणारे हातही तेच असताना महिन्याभरात कापड करडे पडले, पापडासारखे ताठ झाले, पाणी टिपेनासे झाले. आणि मुलीच्या मांड्यांना लाल चट्टे उठले. बदलले होते ते फक्त पाणी. घरातील वडीलधाऱ्यांनी दृष्ट काढली, औषधाच्या दुकानदाराने महागडी पावडर दिली, शेजारच्या काकूंनी 'डायपर लावा, सुटका करून घ्या' असा सल्ला दिला. पाण्याचा विचार कोणाच्याच मनात आला नाही. वस्त्रशास्त्र शिकविणाऱ्या लेखिकेच्याही नाही, ही गोष्ट येथे प्रांजळपणे नमूद करणे आवश्यक वाटते.

पाणी, कापड, धुण्याचा क्रम, वाळवण आणि साठवण या अंगांनी बाळोत्यांच्या धुलाईचा शास्त्रीय विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. गृहअर्थशास्त्र, रसायनशास्त्र, समाजशास्त्र अशा विविध विषयांच्या प्राध्यापकांना वर्गात, तसेच राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत त्याचा उपयोग व्हावा अशी अपेक्षा आहे.

कापडाचा प्रश्न :

पूर्वी घरात बाळ येणार असे कळले की आजी पेटीतले जुने लुगडे, धोतर वा पंचा बाहेर काढी. त्याचे चौकोनी तुकडे करून कडा दुमडल्या जात. काही त्रिकोणी लंगोट म्हणून, काही दुपटी म्हणून, तर काही बाळाखाली अंथरण्यासाठी. नव्या कापडाऐवजी जुने वापरण्यामागे काटकसर होतीच, परंतु त्यापलीकडेही शास्त्रीय कारण होते. बाजारातून आणलेल्या नव्या सुती कापडावर विणकामाच्या वेळी दिलेली खळ असते आणि तंतूवर कापसाचे नैसर्गिक मेणही काही प्रमाणात शिल्लक असते. त्यामुळे नवे कापड पाणी चटकन शोषत नाही. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्यातून खळ व मेण दोन्ही निघून गेलेले असतात, तंतू सैल होऊन त्यांवर सूक्ष्म लव आलेली असते. हा मऊपणा दुकानात विकत मिळत नाही. ज्यांना नव्या मलमलीची वा फलालीनची बाळोती शिवावयाची असतील त्यांनी ती बाळंतपणापूर्वी किमान चार-पाच वेळा गरम पाण्यात धुऊन घ्यावीत.

आज अडचण वेगळीच आहे. गेल्या काही दशकांत ग्रामीण घरांतून सुती लुगडे जवळजवळ हद्दपार झाले असून त्याची जागा नायलॉन व पॉलिएस्टरच्या साड्यांनी घेतली आहे. त्या स्वस्त, टिकाऊ, लवकर वाळणाऱ्या आणि रंग न जाणाऱ्या आहेत. शेतात राबणाऱ्या स्त्रीने त्या का निवडू नयेत? परंतु सामान्य हवेतील आर्द्रता कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के इतकी धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कादेखील नाही. बाळाखाली जुनी पॉलिएस्टर साडी चौपदरी घालून ठेवली तरी लघवी कापडात न मुरता कातडीलगत साचून राहते. म्हणजे घरात 'जुने कापड' आजही भरपूर आहे, पण बाळोत्याच्या उपयोगाचे जुने कापड राहिलेले नाही. बाळोत्यांच्या परंपरेला डायपरने धक्का दिला असे सरसकट म्हटले जाते; लेखिकेच्या मते पहिला धक्का साडीने दिला.

ओल्या कापडाचा प्रश्न केवळ चट्ट्यांपुरता मर्यादित नाही. नवजात बालकाच्या, विशेषतः कमी वजनाच्या बालकाच्या, अंगाखाली ओले कापड राहिल्यास बाष्पीभवनाने त्याच्या शरीराची उष्णता झपाट्याने कमी होते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात घरच्या घरी नवजात बालसेवेचा जो क्षेत्रप्रयोग केला, त्यात गावातील प्रशिक्षित स्त्रिया बाळाला ऊबदार ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखणे व त्यावर उपचार करणे ही कामे करीत. ३९ गावांतील या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्के घट झाल्याचे त्यात दाखविण्यात आले. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत देशभर राबविल्या गेलेल्या गृहाधारित नवजात सेवेमागे हा अनुभव होता. या यशाचे श्रेय बाळोत्यांना देण्याचा येथे हेतू नाही. परंतु ऊब आणि स्वच्छता या दोन गोष्टी जेथे जीवनमरणाच्या ठरतात, तेथे बाळाच्या अंगालगतचे कापड कोरडे व स्वच्छ असणे ही किरकोळ बाब मानता येत नाही.

पाण्याचा कठीणपणा :

चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा, कोरपना, जिवती या पट्ट्यात चुनखडकाचे विस्तीर्ण थर आहेत. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथील सिमेंट कारखाने ज्या दगडावर उभे आहेत, त्याच दगडातून झिरपलेले पाणी आपल्या विहिरींत व कूपनलिकांत येते. त्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार म्हणजेच पाण्याचा कठीणपणा. याउलट गडचिरोलीचा बराचसा भाग प्राचीन ग्रॅनाइट व नाइस खडकांचा आहे. तेथील नदी-नाल्यांच्या पाण्यात साबणाला तुलनेने चांगला फेस येतो. भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या पेयजल मानकानुसार एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा दर लिटरला २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. पिण्यासाठी चालणारे पाणी धुण्यासाठी चांगले असेलच असे नाही, हे या ठिकाणी लक्षात घेतले पाहिजे.

साबण हा मेदाम्लाचा सोडियम क्षार होय. कठीण पाण्यातील कॅल्शियमशी त्याचा संयोग झाला की पाण्यात न विरघळणारा, चिकट, करडा साका तयार होतो. बादलीच्या कडेला दिसणारा पांढुरका थर तो हाच. तो कापडाच्या तंतूंमध्ये जाऊन बसतो व प्रत्येक धुण्यागणिक वाढत जातो. कापड ताठ होते, आणि हा साका मेणासारखा असल्याने कापडाची शोषकता घटते. आपण जितका जास्त साबण लावू तितका जास्त साका तयार होतो, हा यातील विरोधाभास आहे. एक हिशेब पाहू. दर लिटरला ४०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेल्या १५ लिटर पाण्याच्या बादलीत कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात ६ ग्रॅम क्षार असतात. ते सर्व बांधून टाकण्यासाठी सुमारे ३७ ग्रॅम साबण खर्ची पडतो. म्हणजे दीडशे ग्रॅमच्या वडीचा चौथा भाग मळ काढण्यास सुरुवात होण्यापूर्वीच संपलेला असतो! हेच काम धुण्याच्या सोड्याचे सुमारे १७ ग्रॅम स्फटिक, साधारणतः तीन-चार चहाचे चमचे, करू शकतात आणि त्यांची किंमत साबणाच्या तुलनेत नगण्य आहे.

येथे एक खबरदारी घेणे आवश्यक आहे. सोडा टाकल्यावर कॅल्शियम नाहीसे होत नाही. ते चुनकळीच्या रूपाने खाली बसते. कपडे आत असतानाच सोडा टाकला तर ही कळी कापडावरच बसते. म्हणून सोडा आदल्या रात्री पाण्यात ढवळून ठेवावा, सकाळी वरचे निवळ पाणी हलकेच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे व तळचा गाळ फेकून द्यावा. पाणी गरम केल्यास ही क्रिया लवकर होते. याच कारणास्तव कठीण पाण्यात बाळोती थेट उकळणे हानिकारक ठरते. उकळण्याने पाण्यातील बायकार्बोनेटचे विघटन होऊन चुना सुटतो आणि पातेल्याच्या तळाशी जसा थर बसतो तसाच तो कापडावरही बसतो. 'रोज उकळते तरी मऊ राहत नाहीत' ही तक्रार ज्या घरांतून ऐकू येते, तेथे 'उकळते म्हणूनच' हे उत्तर असण्याची शक्यता मोठी आहे.

सोडा जेव्हा पुडीत मिळत नव्हता तेव्हा चुलीची राख होती. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. राख फडक्यात बांधून तिच्यावरून पाणी गाळले की क्षारयुक्त पाणी मिळते. वरठी लोकांची कपड्यांना भट्टी लावण्याची पद्धतही खारांच्या अशाच गुणावर आधारलेली होती. रिठ्याची गोष्ट याहून वेगळी आहे. रिठ्याच्या सालीत, तसेच हिंगणाच्या फळाच्या गरात, सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते कॅल्शियमशी साका करीत नाही, त्यामुळे कठीण पाण्यातही फेस देते आणि त्याचे द्रावण सोड्यासारखे दाहक नसते. रात्रभर भिजवलेल्या दहा-बारा रिठ्यांचे पाणी एका बादलीला पुरते. ते डोळ्यात गेल्यास चांगलीच आग होते, आणि नीट खळबळले नाही तर कापडावर पिवळसर झाक राहते, एवढे दोष मात्र मान्य करावे लागतात. आधुनिक धुलाई पावडरही साका करीत नाही, परंतु तिचा अंश कापडात राहिल्यास बाळाच्या त्वचेस त्रास होऊ शकतो; म्हणून ती कमी घ्यावी व पाणी जास्त वापरावे.

धुण्याचा क्रम आणि त्यामागील कारणे :

शी लागलेले बाळोते प्रथम थंड पाण्यातच धुवावे. गरम पाण्याने विष्ठेतील प्रथिने साकळतात व डाग पक्का होतो. हे पहिले पाणी कोठे टाकले जाते हा प्रश्न कापडापेक्षाही महत्त्वाचा आहे. 'तान्ह्या बाळाची शी ती काय, दूधच तर पिते' अशी समजूत सुशिक्षित घरांतही आढळते. प्रत्यक्षात अतिसाराचे जंतू बाळाच्या विष्ठेतूनही पसरतात. हातपंपाच्या ओट्यावर वा ज्या नाल्याचे पाणी खालच्या वस्तीतील लोक भरतात तेथे बाळोती खळबळणे म्हणजे एका बाळाचा आजार दुसऱ्या बाळाच्या घरी पोहोचविणे होय. हे पाणी शौचालयातच टाकावे, आणि त्यानंतर साबणाने हात धुवावेत.

केवळ लघवीने भिजलेली बाळोती अनेक घरांत न धुताच वाळवून पुन्हा वापरली जातात. ताज्या लघवीला फारसा दर्प नसतो हे खरे. परंतु विष्ठेतील काही जंतू लघवीतील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात. १९२१ साली अमेरिकेतील डॉ. कुक यांनी बाळाच्या लंगोटातील अमोनियाचा संबंध अशा जंतूशी जोडून दाखविला. पुढे बराच काळ अमोनियाच त्वचा जाळतो असे मानले गेले. १९८० च्या दशकातील प्रयोगांतून अधिक सूक्ष्म चित्र पुढे आले. अमोनियामुळे त्वचेलगतचा अल्कधर्मीपणा वाढतो, त्यामुळे विष्ठेतील प्रथिने व मेद पचविणारी विकरे अधिक क्रियाशील होतात आणि तीच बाळाच्या त्वचेचे नुकसान करतात. या ज्ञानाचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे : ओले बाळोते लवकर बदलावे, ते साध्या पाण्याने तरी लगेच खळबळावे आणि धुतलेल्या कापडात सोडा वा साबण, म्हणजेच अल्कली, शिल्लक राहू देऊ नये. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, हे सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींनी सर्वांना शिकविले आहे. ते बाळाच्या मांडीलाही लागू पडते.

बादलीत बाळोती दिवसभर भिजवून ठेवण्याची सवय टाळावी. त्यात अमोनिया वाढतो, आणि घरात रांगते मूल असल्यास ती बादली बुडण्याचे स्थान ठरू शकते.

साबणाच्या धुण्यानंतर तीन वेळा स्वच्छ पाण्यातून काढणे हा या सर्व प्रक्रियेचा गाभा आहे, आणि नेमके येथेच पाणी अपुरे पडते. ज्या स्त्रीला उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणावे लागते तिला 'तीन पाणी घ्या' असे सांगणे सोपे नाही. अशा वेळी साबण कमी घेणे हाच पाणी वाचविण्याचा खरा मार्ग होय. नवजात बाळ दिवसातून आठ-दहा वेळा सहज लघवी करते. त्या हिशेबाने बाळोती धुण्यात किती पाणी आणि किती श्रम जातात याचा हिशेब कुटुंबातील पुरुषांनी एकदा स्वतः धुऊन करावा, असे लेखिकेस मनापासून वाटते.

शेवटच्या पाण्यात अँटिसेप्टिक द्रव टाकण्याची प्रथा शहरी घरांत रूढ आहे. ती अनावश्यक आहे. शेवटच्या पाण्यात जे घातले जाते ते कापडात राहते व कापडातून बाळाच्या अंगात जाऊ शकते, हे वैद्यकाच्या इतिहासाने फार मोठी किंमत देऊन दाखविले आहे. १८८६ साली इंग्लंडमध्ये लंगोटांवर उमटविलेल्या ॲनिलिनयुक्त शाईच्या शिक्क्यांमुळे नवजात बालके निळी पडल्याची नोंद झाली. १९६७ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील एका प्रसूतिगृहात नवजात बालकांना अकस्मात भरमसाठ घाम सुटून ताप व धाप लागली. त्यांतील दोन दगावली. धुलाईघरात लंगोटांच्या शेवटच्या पाण्यात पेंटाक्लोरोफिनेट असलेले द्रव्य वापरले जात होते, असे तपासात निष्पन्न झाले. आपल्याकडे ग्रामपंचायतीची विहिरीसाठी आलेली टीसीएल पावडर बाळोती पांढरी करण्यासाठी वापरल्याचे लेखिकेने पाहिले आहे. ही पावडर कॅल्शियमयुक्तच असल्याने कठीणपणात भर घालते आणि कापसाचा तंतूही कुजविते. लिंबू वा व्हिनेगर तिच्यासोबत कदापि वापरू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मऊपणा :

बाजारातील कापड मऊ करणारी द्रव्ये तंतूवर मेदासारखा पातळ थर चढवितात. टॉवेल हाताला मुलायम लागतो, पण पाणी कमी टिपतो. बाळोत्याचे कामच टिपण्याचे असल्याने ही द्रव्ये येथे निरुपयोगी ठरतात. त्याऐवजी शेवटच्या अर्ध्या बादली पाण्यात एका लिंबाचा गाळलेला रस वा दोन-तीन चमचे पांढरे व्हिनेगर घालावे, कापड पाच मिनिटे बुडवून ठेवावे आणि एकदा साध्या पाण्यातून काढावे. कापडात राहिलेला सोडा याने उदासीन होतो व ताठरपणा कमी होतो. चिंचेचे पाणीही हेच काम करते, परंतु डाग पडतात.

आधीच ताठ झालेली बाळोती असल्यास ती रात्रभर निवळलेल्या सोड्याच्या गरम पाण्यात, साबण न लावता, भिजवावीत व दुसऱ्या दिवशी खूप खळबळावीत. लेखिकेने हे केले तेव्हा केवळ पाण्यानेच बादलीत फेस आला. महिन्याभराचा साबण कापडातून बाहेर पडत होता. तीन-चार वेळा असे केल्यावर बाळोती पुन्हा पाणी टिपू लागली आणि काही दिवसांत चट्टेही ओसरले.

परंतु उत्तम पाण्यात धुतलेले सुती कापडदेखील उन्हात वाळल्यावर काहीसे ताठ होतेच. त्याचे कारण अलीकडे स्पष्ट झाले आहे. २०२० साली जपानच्या होक्काइडो विद्यापीठातील व काओ कंपनीतील संशोधकांनी दाखवून दिले की, कापूस वाळल्यावरही तंतूच्या पृष्ठभागावर पाण्याचा एक अतिसूक्ष्म बद्ध थर राहतो व तोच शेजारच्या तंतूंना एकमेकांशी सांधून ठेवतो. हे सांधे यांत्रिक हालचालीने तुटतात. लेखिकेची आजी वाळलेले प्रत्येक बाळोते दोन्ही हातांत धरून खसाखसा चोळी, मग झटके, मग घडी घाली. तिला बद्ध पाण्याचा थर ठाऊक नव्हता, पण तो मोडायचा कसा हे ठाऊक होते. आजही यापेक्षा स्वस्त व निर्धोक उपाय नाही.

सासूबाईंचा दंडक निराळा होता : बाळाच्या कपड्यांना पिळा देऊ नये, बाळाचे अंग दुखते. या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. मात्र पीळ न दिल्याने जुन्या कापडाचे आयुष्य वाढते आणि सुरकुत्यांचे कडक वळ पडत नाहीत, हेही खरे. दंडक पाळायला हरकत नव्हती. कारण तेवढे बदलून सांगितले.

वाळवण :

चंद्रपूरचा उन्हाळा बाळोत्यांच्या दृष्टीने वरदानच म्हणावा लागेल. मे महिन्यात तापमान ४६-४७ अंशांपर्यंत जाते तेव्हा तासाभरात कापड कोरडे होते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी व संपूर्ण कोरडेपणाने जंतूंची संख्या घटते, शिवाय पिवळे डाग फिके पडतात. मात्र औद्योगिक पट्ट्यात उन्हाबरोबर धूळही येते. २०० पूर्णांक कशाला, नुसते बोट फिरविले तरी दोरी काळी होते, असे दुर्गापूर-ऊर्जानगरच्या भगिनी सांगतात. चंद्रपूरचा समावेश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केला होता. औष्णिक वीज केंद्र व कोळसा खाणींच्या परिसरात बाळोती दुपारच्या उन्हात थोडाच वेळ ठेवावीत, दोरी आधी ओल्या फडक्याने पुसावी, व वाळताच झटकून आत घ्यावीत.

काही घरांत विटाळाच्या वा दृष्टीच्या समजुतीने बाळोती घरामागे, आडोशाला, काळोखात वाळत घातली जातात. सूर्यास्तानंतर बाळाचे कपडे बाहेर ठेवू नयेत ही समजूत दव पडण्याच्या दृष्टीने उपयुक्त आहे. परंतु दिवसाही ती उन्हापासून लपविणे अपायकारक आहे.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. गडचिरोलीच्या दक्षिण भागात पाऊस लागला, पर्लकोटेचा पूर पुलावर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. त्या दिवसांत बाळोती चुलीवरच्या बांबूवर वाळविली जातात. कापडाला धूर लागतो आणि त्याच धुरात बाळही झोपलेले असते. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीवर कपडे वाळविणे तर जिवावर बेतणारे आहे, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. दोन-चार गोष्टी शक्य आहेत. बाळोत्यांचा संच पावसाळ्यात डझनाऐवजी दोन-अडीच डझनांचा ठेवावा. जाड चौपदरी शिवण्याऐवजी एकेरी मोठे कापड घेऊन वापरताना घड्या घालाव्यात, म्हणजे वाळताना ते पसरता येते. धुतल्यावर कोरड्या पंचात गुंडाळून दाबले असता बरेच पाणी निघते. आणि दमट राहिलेल्या कापडावरून गरम इस्त्री फिरवावी. ज्या घरी वीज नाही तेथे जाड बुडाच्या पितळी तांब्यात विस्तव वा उकळते पाणी घालून तो फिरविता येतो.

पर्यायाने येणाऱ्या डायपरविषयी येथे थोडक्यात लिहावयाचे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली केलेल्या तुलनेत अडीच वर्षांच्या वापरासाठी डायपर व कापडी लंगोट यांचा हवामानावरील भार जवळजवळ सारखाच आढळला होता. मात्र कापड उन्हात वाळविले, यंत्र पूर्ण भरून धुतले व तेच दुसऱ्या अपत्यालाही वापरले तर तो सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो असेही त्यात म्हटले होते. यंत्र वगळता आपल्या घरांत या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या होतच आल्या आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर स्वतंत्र गुंडाळून देण्याची तरतूद करण्यात आली, पण जेथे घंटागाडी जात नाही त्या गावातील डायपर नाल्यातच जातो. तरीही प्रवासात वा सततच्या पावसात एखाद्या मातेने तो वापरला तर तिला दोष देण्याचे कारण नाही.

पेटीतील गोळ्या :

बाळोती दुसऱ्या अपत्यासाठी, नणंदेसाठी वा बहिणीसाठी जपून ठेवण्याची रीत चांगली आहे. ही साठवण करताना मात्र एक चूक सर्रास घडते : कपड्यांत डांबरगोळ्या टाकल्या जातात. यांतील नॅप्थॅलीनची वाफ कापडात मुरते, श्वासावाटे व त्वचेवाटे बाळाच्या शरीरात जाते. ते तेलात विरघळणारे असल्याने अंगाला तेल चोळलेल्या बाळात त्याचे शोषण अधिकच सुलभ होते. ज्या बालकांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-६-पीडी या विकराची जन्मजात उणीव असते, त्यांच्या पेशी यामुळे फुटतात, बिलिरुबिन वाढते आणि तीव्र कावीळ होते. वेळीच उपचार न मिळाल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. १९६३ साली ग्रीसमधील वैद्यांनी नॅप्थॅलीनच्या संपर्कात आलेल्या २१ नवजात बालकांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील सर्वच बालकांत ही उणीव नव्हती, हे विशेषत्वाने ध्यानात ठेवावे.

विदर्भात सिकलसेलविषयी जागृती बरीच झाली आहे. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय पातळीवर त्याचे निर्मूलन अभियानही सुरू झाले. परंतु जी-६-पीडीची उणीव हा निराळा दोष असून सिकलसेलच्या चाचणीतून तो कळत नाही. महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत तो आढळतो, आणि तो एक्स गुणसूत्राद्वारे येत असल्याने मुलग्यांत त्याचा परिणाम अधिक दिसतो. आपल्या बाळाला तो आहे की नाही हे बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसते. हिवतापाच्या काही औषधांबाबत या उणिवेची खबरदारी आरोग्य कर्मचारी घेतात. पेटीतल्या गोळ्यांबाबत कोणी विचारत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांत, गोधडीत वा ज्या पेटीत ते ठेवायचे त्या पेटीत डांबरगोळी असूच नये.

जुन्या पेटीतून काढलेल्या कपड्यांना हा वास येत असेल तर नुसते धुणे पुरेसे नाही, कारण नॅप्थॅलीन पाण्यात विरघळत नाही. असे कपडे तान्ह्या बाळासाठी न वापरणेच इष्ट. घरात फरशी पुसायला ते चालतील. नव्याने साठवताना बाळोती पूर्ण कोरडी, खळ व नीळ न दिलेली असावीत. कडुलिंबाची वाळलेली पाने वा वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून पेटीच्या तळाशी ठेवावेत, दर दोन महिन्यांनी कपडे काढून ऊन दाखवावे, आणि बाळाच्या अंगाला लावण्यापूर्वी ती पुन्हा एकदा धुऊन, वाळवून, दोन्ही हातांनी चोळून घ्यावीत.